नांदगाव पेठेत पवनचक्की का दिसत नाही? वाऱ्याची वीज आणि उद्योजकाचा हिशेब



मागच्या व्हिडिओत आपण कारखान्याच्या वीजबिलावर बोललो होतो. त्यानंतर एका शनिवारी नांदगाव पेठेतून एका तरुणाचा फोन आला. टिनाचं शेड आहे, बारा शिलाई मशीन आहेत, शाळेचे गणवेश शिवून देतो. त्यानं थेट विचारलं, "सर, आमच्याइकडं वारं त लय सुटते न जी. मे महिन्यात शेजाऱ्याची टिनं उडून गेली. मंग शेडवर पवनचक्की बसवली त बिल झिरो होईन का नाही?"

एका विक्रेत्यानं त्याला ३ किलोवॉटची छोटी पवनचक्की दाखवली होती. किंमत साडेचार लाख. सोमवारी ५० हजार इसार द्यायचा होता. आणि ते ५० हजार त्यानं नव्या ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेले होते.

मी म्हटलं, "भाऊ, इसार द्यायच्या आधी एक तास द्या. कागद-पेन घ्या." त्या तासात आम्ही जे बोललो, तेच आज इथे मांडतोय. तुम्हाला पवनचक्की घ्यायची असो वा नसो, हा हिशेब कामाला येईल. कारण कुठलंही मशीन घेताना हीच पद्धत वापरायची आहे.

चिमणी आणि पवनचक्की: आत काम एकच

नांदगाव पेठेत राहणाऱ्याला वीजनिर्मिती समजावणं सोपं आहे. औष्णिक वीज केंद्र दारातच आहे. २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट. तिथे कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, ती वाफ जोरानं टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. त्याला जोडलेलं जनरेटर फिरतं आणि वीज तयार होते.

जनरेटरच्या आत काय होतं? तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवला की तारेत वीज वाहू लागते. सायकलच्या जुन्या डायनॅमोत हेच व्हायचं. चाक फिरलं की दिवा लागायचा.

म्हणजे वीज बनवायची तर काहीतरी फिरवायचं. औष्णिक केंद्रात वाफ फिरवते, कोयनेला पाणी फिरवतं आणि पवनचक्कीत वारा फिरवतो. इंधनाचा खर्च शून्य. पण एक अट आहे: वारा पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तेवढा मिळेल, याची हमी कोणी देत नाही. कोळसा ढिगात साठवता येतो, वारा साठवता येत नाही.

पात्यापासून तारेपर्यंत

मोठी पवनचक्की कशी चालते ते क्रमानं पाहू.

१. पातं: साधारण ५० मीटर लांब, फायबरग्लासचं, आकार विमानाच्या पंखासारखा. वारा त्याला नुसता ढकलत नाही. पात्याच्या दोन बाजूंनी हवा वेगवेगळ्या वेगानं जाते, दाबात फरक पडतो आणि पातं ओढलं जातं. म्हणून तीनच बारीक पाती पुरतात.

२. फिरणं: तीन पात्यांचं हे चक्र मिनिटाला साधारण १५ फेरे घेतं. लांबून पाहिलं की वाटतं, किती आळशी आहे! पण १०० मीटर व्यासाचं चक्र १५ फेरे घेत असेल तर पात्याचं टोक ताशी जवळपास २८० किलोमीटरनं पळत असतं.

३. गिअरबॉक्स: मिनिटाला १५ फेरे बहुतेक जनरेटरला कमी पडतात. गिअरबॉक्स तो वेग साधारण शंभर पट वाढवतो. काही पवनचक्क्यांत गिअरबॉक्स नसतो, त्यांचं जनरेटर मोठं आणि संथ फिरणारं असतं.

४. दिशा आणि कोन: वारा येईल तशी पाठ फिरवावी, असं आपल्याकडे म्हणतात. पवनचक्की पाठ नाही, तोंड फिरवते. वर बसवलेलं यंत्र वाऱ्याची दिशा सांगतं आणि मोटरी सगळं डोकं वाऱ्याकडे वळवतात. वारा फार झाला तर पाती आपला कोन बदलतात आणि जादा वारा सोडून देतात.

५. बाहेर जाणारी वीज: जनरेटरमधून साधारण ६९० व्होल्टची वीज निघते. ट्रान्सफॉर्मर तिला ३३ हजार व्होल्टपर्यंत नेतो. अनेक पवनचक्क्यांची वीज एका उपकेंद्रात गोळा होते, तिथे दाब आणखी वाढतो आणि ती राज्याच्या ग्रिडमध्ये जाते.

आता तीन आकडे लिहून ठेवा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ ते ४ मीटर झाला की पवनचक्की वीज द्यायला लागते. ११ ते १३ मीटरला ती पूर्ण क्षमतेनं चालते. आणि साधारण २५ मीटरच्या वर गेला की मशीन वाचवण्यासाठी ती स्वतःला बंद करते.

म्हणजे शेजाऱ्याची टिनं उडवणारं जे वादळ, त्यात पवनचक्की कमाई करत नाही, बंद राहून स्वतःचा जीव वाचवते! शिवाय असं वादळ अर्धा तास येतं. वर्षाचे तास असतात ८,७६०. कमाई त्या सगळ्या तासांवर होते. फोनवर हे ऐकून तो तरुण पहिल्यांदा गप्प झाला.

सगळ्यात महत्त्वाचं: तीनदा गुणायचं

आता या लेखातला मुख्य मुद्दा. वाऱ्यातली ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. घन म्हणजे तोच आकडा तीनदा गुणायचा.

वेग ३ असेल तर ३ × ३ × ३ = २७.
वेग ६ असेल तर ६ × ६ × ६ = २१६.

वेग फक्त दुप्पट झाला, पण ताकद आठ पट झाली! किराणा दुकानात गिऱ्हाईक दुप्पट झालं तर गल्ला दुप्पट होतो. इथे तसं नाही. म्हणून "आमच्याकडेही वारा आहे" हे वाक्य पवनऊर्जेत काहीच सांगत नाही. किती आहे, हे सांगावं लागतं.

दुसरी मर्यादा निसर्गाचीच. वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा पात्यामागेच थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जागाच राहणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिलं की जास्तीत जास्त ५९.३ टक्के ताकद काढता येते. याहून जास्त देणारं मशीन आहे असं कोणी सांगितलं, तर तिथून उठायचं.

तिसरी गोष्ट उंची. जमिनीजवळ झाडं, घरं, भिंती वारा अडवतात. मोकळ्या सपाट जागी १० मीटरवरून ८० मीटरवर गेलं तर वेग ढोबळमानानं एक तृतीयांश वाढतो. आता तीनदा गुणा. ताकद जवळपास अडीच पट होते. मोठे मनोरे ८०, १०० मीटर उंच का असतात ते समजलं? त्या उंचीचे पैसे वसूल होतात.

सातारा का? चिखलदरा का? आणि नांदगाव पेठ का नाही?

भारतात पवनवीज प्रकल्पांची सुरुवात १९८६ च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावर झाली. गुजरात आणि तमिळनाडूसोबत आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ५५ किलोवॉटच्या छोट्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आज एकेक पवनचक्की २ ते ३ मेगावॉटची असते, म्हणजे त्यांच्या चाळीस-पन्नास पट. मार्च २०२५ पर्यंत देशाची पवनवीज क्षमता ५० हजार मेगावॉटवर पोचली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ५ हजार मेगावॉटहून जास्त आहे.

महाराष्ट्रात हे मनोरे कुठे आहेत? सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडेचं पठार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. वनकुसवडेचं पठार कोयनेच्या जलाशयाच्या वर, समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो आणि माथ्यावर दाटीनं, जोरात वाहतो. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच.

आपल्या अमरावती जिल्ह्यातही पवनचक्क्या आहेत. कुठे? चिखलदऱ्याजवळ, मोथ्याच्या बाजूला. चिखलदरा १,१०० मीटरहून उंच. अमरावती शहर साडेतीनशे मीटरच्या आसपास. नांदगाव पेठ त्याच सपाटीवर, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यात. एकच जिल्हा, पण माथ्यावरचा वारा वेगळा आणि पायथ्याचा वेगळा. जाणकारांनी पवनचक्क्या परतवाड्याहून घाट चढून वर नेल्या. गाडीचं भाडं परवडत होतं म्हणून नाही, वर वारा होता म्हणून.

म्हणजे नांदगाव पेठेत पवनचक्क्या न दिसण्यामागे कोणाचं दुर्लक्ष नाही, हिशेब आहे.

छपरावरच्या पवनचक्कीचा कागद

आता त्या तरुणाचं कोटेशन. ३ किलोवॉटची पवनचक्की, चक्राचा व्यास ४ मीटर. कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: "११ मीटर प्रतिसेकंद वेगाला". मोठ्या अक्षरात फक्त "३ किलोवॉट".

सूत्र सोपं आहे. ०.५ × हवेची घनता × चक्राचं क्षेत्रफळ × वेगाचा घन. हवेची घनता १.२ धरा. क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. मशीनची कार्यक्षमता ३० टक्के धरा.

वेग ११ असेल तर: साधारण ३,००० वॉट. विक्रेता खोटं बोलत नव्हता!
वेग ६ असेल तर: साधारण ४९० वॉट.
वेग ३ असेल तर: साधारण ६० वॉट. एक पंखा.

छपराच्या उंचीवर सरासरी ३ मीटरचा वारा आहे असं आम्ही धरलं. महिनाभर एकसारखा ३ च्या वेगानं वाहिला तर ४४ युनिट मिळतील. वारा कमी-जास्त होतो आणि जोराच्या तासांत कमाई जास्त होते, म्हणून त्याच्या जवळपास दुप्पट, ८० युनिट धरू. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ८०० रुपये, वर्षाला ९,६००.

साडेचार लाख भागिले ९,६००. उत्तर साधारण ४७ वर्षं. आणि मशीनचं आयुष्य चांगलं राहिलं तर २० वर्षं. बेअरिंग, ब्रेक, देखभाल यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. टिनाच्या शेडला बसणारी थरथर वेगळीच.

शिवाय छपरावरचा वारा गोंधळलेला असतो. शेजारची इमारत, झाड, पाण्याची टाकी यांना आपटून तो भोवरे घेत येतो. छोट्या पवनचक्कीसाठी साधा नियम आहे: आसपासच्या १०० मीटरमधल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा तिची पाती निदान ९-१० मीटर वर हवीत. एमआयडीसीतल्या शेडवर हे कसं जमणार?

तुलनेला सोलर घ्या. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॉटचं सोलर ढोबळमानानं दिवसाला ४ युनिट देतं. ३ किलोवॉटचं झालं महिन्याला ३६० युनिट. वऱ्हाडात ऊन कमी आहे असं कोणी म्हणणार नाही! पावसाळ्यात ते कमी पडेल, पण वर्षाचा हिशेब स्पष्ट आहे.

असाच एक कापडवाला

नांदगाव पेठेत टेक्स्टाइल पार्क आहे. पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणीही सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. म्हणून एका कापडवाल्याची गोष्ट सांगतो.

गुजरातमधले तुलसी तांती यांचा कापडाचा कारखाना होता. वीज महाग, तीही बेभरवशाची. नफ्याचा मोठा भाग बिलात जायचा. त्यांनी कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. त्या चालवताना लक्षात आलं की ही अडचण एकट्याची नाही, प्रत्येक कारखानदाराची आहे. १९९५ साली त्यांनी सुझलॉन सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत कापडाचा धंदा सोडला. आज सुझलॉनचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे.

यात शिकण्यासारखं काय? त्यांनी ग्राहकाला नुसतं मशीन विकलं नाही. जागा शोधणं, वारा मोजणं, उभारणी, देखभाल हे सगळं एकत्र दिलं. कारखानदाराला पवनचक्की नको असते, त्याला स्वस्त युनिट हवं असतं. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा. परदेशात मोठी खरेदी केल्यानंतर कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला आणि २०१२ मध्ये परकीय रोख्यांची परतफेड ती वेळेत करू शकली नाही. त्यातून सावरायला पुढे बरीच वर्षं गेली. धंदा बरोबर असला तरी कर्जाचा वेग सांभाळावा लागतो.

मग नांदगाव पेठेतल्या उद्योजकानं काय करायचं?

पहिला मार्ग: वारा साताऱ्याचा, कारखाना नांदगाव पेठेचा. वीज ग्रिडमधून येते, त्यामुळे पवनचक्की दारात असायची गरज नाही. याला ओपन ॲक्सेस म्हणतात. २०२२ च्या केंद्राच्या हरित ऊर्जा नियमांनुसार १०० किलोवॉट किंवा जास्त मंजूर भार असलेला ग्राहक अशी वीज घेऊ शकतो. आधी ही मर्यादा १ मेगावॉट होती. एकाच वीज विभागात तुमच्या अनेक जोडण्या असतील तर त्यांची बेरीजही चालते.

दुसरा मार्ग: ग्रुप कॅप्टिव्ह. काही कारखानदार मिळून प्रकल्पात निदान २६ टक्के मालकी घेतात आणि निदान ५१ टक्के वीज स्वतः वापरतात. मात्र दोन्ही मार्गांत फक्त युनिटचा भाव पाहू नका. वहन शुल्क, वहनातली गळती आणि अधिभार मिळवून शेवटचा भाव काढा.

तिसरा मार्ग: सेवा देणारा धंदा. डेन्मार्कमध्ये पोल ला कूर नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८९१ पासून आस्कोव गावात वाऱ्यापासून वीज तयार केली आणि पुढे खेड्यातल्या तरुणांना वीजतंत्री म्हणून शिकवलं. पवनचक्की एकदा उभी राहते, पण तिला वीस वर्षं माणसं लागतात: पात्यांची दुरुस्ती, बोल्ट घट्ट करणं, केबल, पॅनेल, सुरक्षारक्षक, गाड्या, जेवणाचे डबे. उंचीवर काम करायचं असेल तर जीडब्ल्यूओचं सुरक्षा प्रशिक्षण बहुतेक कंपन्या मागतात. आयटीआय झालेल्या मुलांनी याची चौकशी जरूर करावी. फॅब्रिकेशनवाल्यांना केबल ट्रे, शिड्या, पॅनेल बॉक्स हे काम नांदगाव पेठेत बसूनही करता येतं.

तुमचा गृहपाठ

कुठलंही वीज बनवणारं किंवा वाचवणारं मशीन घ्यायच्या आधी विक्रेत्याला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. कागदावरची क्षमता कोणत्या परिस्थितीत मिळते? ती परिस्थिती माझ्या जागेवर वर्षातले किती तास असते?
२. माझ्या जागेवर, त्याच उंचीवर मोजमाप केलंय का? मोठे प्रकल्प निदान एक वर्ष वारा मोजल्याशिवाय उभे राहत नाहीत.
३. वर्षाला किती युनिट? किलोवॉट नको, युनिट सांगा. बिल युनिटवर येतं.
४. युनिट कमी भरले तर कोण भरून देणार?
५. माझ्यासारख्या जागी बसवलेलं, एक वर्ष चाललेलं मशीन दाखवाल का?

आपल्या भागाचा वारा घरबसल्या पाहायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आहेत, ग्लोबल विंड ॲटलासही फुकट आहे. नांदगाव पेठ शोधा, मग वनकुसवडे शोधा. दोन्ही आकडे तीनदा गुणा आणि तुलना करा.

त्या तरुणानं सोमवारी विक्रेत्याला फोन करून पहिले तीन प्रश्न विचारले. "साहेब, तुम्ही आधी बसवून तर पाहा," एवढंच उत्तर आलं. त्यानं इसार दिला नाही. ओव्हरलॉक मशीन घेतलं, शाळा सुरू होण्याआधीची ऑर्डर वेळेत दिली आणि आता सोलरची तीन कोटेशनं समोर ठेवून बसलाय. परवा पुन्हा फोन आला होता. म्हणाला, "सर, सोलरवाल्यालेही तेच पाच प्रश्न विचारले. दोघं जण त उत्तर द्यायलेच तयार नाही!"

मी म्हटलं, "मग भाऊ, तिसऱ्याशी बोला."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं काढून एका कागदावर युनिट लिहून ठेवा. पुढचा हिशेब तिथूनच सुरू करायचा आहे.